सेकंड इयर सिव्हिल: हाताने गणितं घासत बसू, की स्टॅडचा क्लास लावू?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातला. दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला सांगलीत ॲडमिशन मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आमचे सर लोकही इथं वाचत असतात. विश्रामबागला चौघांत एक खोली घेऊन राहतो.

तिसरं सेमिस्टर एम-थ्रीने (गणिताच्या तिसऱ्या पेपरने) खाल्लं. बारावी करून आलेल्या पोरांचं पहिल्या वर्षाचं मॅथ्स झालेलं असतं, आम्ही डिप्लोमावाले एकदम लाप्लासच्या विहिरीत. कसाबसा निघालो. आता चौथ्याला स्ट्रक्चरल ॲनालिसिस आहे. स्लोप डिफ्लेक्शन, मोमेंट डिस्ट्रिब्युशन वगैरे, म्हणजे बीमला वाकवणारा जोर (मोमेंट) काढायच्या रीती. तीन गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन टेकूंमधला भाग) एक बीम सोडवायला मला पाऊण तास लागतो आणि मध्येच एखादं चिन्ह चुकलं की सगळं पाण्यात.

परवा रूममेटबरोबर स्टेशन रोडला एका क्लासचा डेमो बघून आलो. स्टॅड प्रो आणि ईटॅब्स ही स्ट्रक्चर सोडवायची सॉफ्टवेअर, तीन महिने, अठरा हजार. तिथल्या सरांनी तसलाच तीन गाळ्यांचा बीम आमच्यासमोर दोन मिनिटांत सोडवून दाखवला. वर म्हणाले, "हाताने आता कोण करतंय? ते परीक्षेपुरतं. कंपनीत गेल्यावर हेच लागणार." वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, डाळिंबाची पट्टी (विक्रीचे पैसे) आली की देतो. ते देतील, पण यंदा पट्टी काय येईल हे मला माहीत आहे, म्हणून विचारतोय.

आत्ताच क्लास लावू का? की आधी हाताने पक्कं करू? आणि हाताने पक्कं करून पुढं खरंच काही उपयोग होतो का? खरं काय ते सांगा सर, "मेहनत कर" एवढंच नको.

विट्याचा_बिलिंगवाला

मी पुण्यात बिलिंगला आहे, बरीच वर्षं झाली. तुझ्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच: दोन्हींतलं मी काहीच वापरत नाही. सिव्हिल शिकलेली बहुतेक पोरं डिझाइनला जातच नाहीत भावा. साइट, बिलिंग, प्लॅनिंग, टेंडर, नाहीतर सरकारी परीक्षा. तू अठरा हजार घालून स्टॅड शिकणार आणि पहिल्या नोकरीत तुला विचारणार, स्लॅबचं बीबीएस (कुठली सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) काढता येतं का, ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढता येते का, एक्सेलमध्ये रेट ॲनालिसिस मांडता येतो का.

ही सगळी कामं फुकटात शिकता येतात. एखादं जुनं आरसीसी ड्रॉइंग मिळव आणि त्याचं बीबीएस, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, हाताने काढ. हुकाची लांबी, बेंडची वजावट, लॅप, सगळं धरून. मग कुठल्याही सळईवाल्याला दाखव. तो दोन मिनिटांत सांगेल तुझी सळई कुठं कमी पडते. बाकी अठरा हजार घरी राहू देत.

रेषेवरची_बाई

आधी एक. "सर" नको, ताई म्हण. इथं प्रश्न विचारणारे सगळे गृहीत धरून चालतात की उत्तर देणारा मिशीवालाच असणार.

मी सांगलीतच एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे डिझाइन बघते. वीसेक वर्षं तरी झाली. मीसुद्धा डिप्लोमावरूनच डिग्रीला आलेली, त्यामुळं एम-थ्रीचं दुःख मला सांगू नकोस.

स्टॅड, ईटॅब्स आमच्याकडं रोज चालतं. हाताने अख्खी बिल्डिंग कोणी सोडवत नाही, सोडवूही नये. तेव्हा क्लासवाल्यांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. आता उरलेलं अर्धं सांगते.

मागं एक मुलगा आला होता आमच्याकडं. सर्टिफिकेट होतं, बोटं भराभर चालायची. त्याला एका दुमजली बंगल्याचं मॉडेल करायला दिलं. संध्याकाळी प्रिंट घेऊन हजर. सगळे बीम पास, कुठं लाल रंग नाही. मी गॅलरीच्या बीमवर नजर टाकली तर मुख्य सळई खालच्या बाजूला, तीन सोळाच्या, आणि वर नुसत्या दोन बाराच्या. गॅलरी म्हणजे कॅन्टिलिव्हर, एकाच टोकाला धरलेली. तिथं ताण वरच्या अंगाला येतो, जाड सळई वर पाहिजे. हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही, हात आडवा धरून त्यावर पिशवी लटकवली तरी कळतं. मॉडेल उघडून बघितलं. आर्किटेक्टच्या पहिल्या प्लॅनमध्ये गॅलरीच्या टोकाला शोभेचा एक खांब होता. नंतरच्या प्लॅनमध्ये तो गेला, मॉडेलमध्ये तसाच राहिला. कॉम्प्युटरला वाटलं बीम दोन्हीकडं टेकलाय, म्हणून त्याने सळई खाली दिली. त्याचं गणित बरोबर होतं. प्रश्नच वेगळा विचारलेला.

त्या मुलाने परीक्षेत मोमेंट डायग्राम काढलेल्याच होत्या की. पण डायग्राम रेषेच्या वर काढायची की खाली, हे त्याच्यासाठी दोन मार्कांचं चिन्ह होतं. आमच्यासाठी त्याच चिन्हावर सळई वर जाते की खाली ते ठरतं. कॉलेजात ॲनालिसिस आणि आरसीसी डिझाइन हे दोन विषय वेगवेगळ्या सेमिस्टरला, वेगवेगळे सर शिकवतात आणि मध्ये पूल कोणी बांधत नाही. तुला हाताने सोडवायचं आहे ते एवढ्यासाठी. पाऊण तासाचा दहा मिनिटांवर यायला नको. उत्तर बघितल्यावर "हे असं कसं?" असं वाटलं पाहिजे, तेवढा हात बसला की पुष्कळ.

दोन पडताळण्या सांगते. ऑफिसात रोज वापरतो, पुस्तकात कुठंतरी कोपऱ्यात असतात.

पहिली. बीमच्या एका गाळ्यावर सारखा भार असेल, तर दोन्ही टोकांच्या मोमेंटची सरासरी काढ, त्यात मधोमधचा मोमेंट मिळव. बेरीज डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८ (डब्ल्यू म्हणजे मीटरमागचा भार, एल म्हणजे गाळ्याची लांबी) आलीच पाहिजे. टोकं साधी टेकलेली असोत, फिक्स असोत, बीम सलग असो, काहीही असो. फिक्स बीमवर करून बघ: टोकाला बाय १२, मध्ये बाय २४, बेरीज बाय ८. सॉफ्टवेअरच्या उत्तरात ही बेरीज जुळली नाही तर भार कुठंतरी सुटलाय किंवा दोनदा लागलाय. परीक्षेतही हीच वापर, शेवटच्या ओळीतली चूक तिथंच सापडेल.

दुसरी. मॉडेल चालवलं की आधी सळई बघायची नाही. सगळ्या फुटिंगच्या रिॲक्शनची, म्हणजे पायांवर येणाऱ्या भारांची, बेरीज बघायची. विटांच्या भिंती असलेल्या साध्या आरसीसी घराचं वजन ढोबळ मानाने मजल्यामागं दर चौरस मीटरला १२ ते १५ किलोन्यूटन पडतं. शंभर चौरस मीटरचे तीन स्लॅब म्हणजे साडेतीन ते साडेचार हजार किलोन्यूटन. आणि स्क्रीनवर साडेतीनशे दिसत असतील तर पुढं जायचंच नाही, युनिटमध्ये किंवा भिंतींच्या भारात गडबड आहे. मी नवीन पोरांना हे कागदावर लिहून मगच कॉम्प्युटर चालू करायला लावते. त्यांना राग येतो. येऊ दे.

आणि तो मोमेंट डिस्ट्रिब्युशनचा जो कंटाळा करतोयस ना, तो हार्डी क्रॉसने १९३० साली छापला तेव्हा लोकांना जादूच वाटली असणार. त्याआधी असल्या फ्रेमसाठी समीकरणांच्या जुड्या सोडवाव्या लागायच्या. एका जॉइंटला कुलूप लाव, दुसरा सोड, न जुळलेला मोमेंट कडकपणाच्या प्रमाणात वाटून दे, अर्धा पलीकडं पाठव. हे डोळ्यांनी बघता आलं तर कुठला कॉलम मोमेंट ओढून घेतोय ते आकडा न मांडताही सांगता येतं. जाड बीमला बारीक कॉलम, बारीक बीमला जाड कॉलम, दोन्हींत मोमेंट कुठं जाईल? हे विचारत सोडव, नुसता तक्ता भरू नकोस.

क्लास लावायचा तर आरसीसी डिझाइन झाल्यावर, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. बारकी कामं समोर आली की सॉफ्टवेअरचं बटन महिन्याभरात येतं, त्याला तीन महिने लागत नाहीत. आणि कोडसाठी झेरॉक्सवर पैसे घालू नकोस. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर नोंदणी केली की आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचा कोड, फुकट उतरवून घेता येतो.

बिलिंगवाल्या दादांनी सांगितलं तेही कर. बीबीएस काढता न येणारा डिझायनर सळईवाल्यांच्या शिव्या खातो.

माणदेशी_पोरगा

ताई, सॉरी. आणि धन्यवाद, लगेच करून बघितलं.

तीन सारखे गाळे, प्रत्येकी ४ मीटर, टोकं साधी टेकलेली, २० किलोन्यूटन पर मीटर सगळीकडं. मोमेंट डिस्ट्रिब्युशनने मधल्या दोन्ही सपोर्टवर ३२ किलोन्यूटन-मीटर आले. टोकाच्या गाळ्यात मधोमध २४ आणि मधल्या गाळ्यात मधोमध फक्त ८.

तुमची बेरीज: डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८ म्हणजे ४०. टोकाच्या गाळ्यात शून्य आणि ३२ ची सरासरी १६, अधिक २४, झाले ४०. मधल्यात ३२ अधिक ८, तेही ४०. जुळलं! पण मधल्या गाळ्याला ८ च? टोकाच्या गाळ्याच्या तिसरा हिस्सा? मग मधल्या गाळ्यात खाली दोन बारक्या सळया टाकल्या की काम झालं का? काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.

रेषेवरची_बाई

"चुकल्यासारखं वाटतंय" असं वाटलं ना, मग अठरा हजार वाचले असं समज.

उत्तर बरोबर आहे. एक बारीक गोष्ट तेवढी: टोकाच्या गाळ्यात सगळ्यात मोठा मोमेंट मधोमध नसतो, बाहेरच्या टोकापासून १.६ मीटरवर असतो आणि २५.६ येतो. शून्य शिअर (बीमला कापणारा जोर) कुठं येतो ते काढ, सापडेल.

आता ८ चं बघू. तू तिन्ही गाळे एकदम भरलेस. खऱ्या घरात असं कधी असतं? समज, त्या २० मध्ये १२ बीम-स्लॅबचं, भिंतीचं स्वतःचं वजन आहे आणि ८ माणसं, कपाटं, पोती. स्वतःचं वजन कुठं जात नाही. माणसं जातात. मधल्या खोलीत बारशाला गर्दी आहे आणि दोन्ही बाजूच्या खोल्या रिकाम्या, असं धर. मग मधल्या गाळ्यात मधोमध किती येतो? १२ चे ४.८, आणि ८ फक्त मधल्या गाळ्यावर ठेवल्याने ९.६. एकूण १४.४. तुझ्या ८ च्या जवळजवळ दुप्पट.

आता उलटं कर. मधली खोली रिकामी, दोन्ही बाजूंच्या भरलेल्या. बाजूचे गाळे खाली वाकताना मधल्या गाळ्याला वर उचलतात. त्यांच्यामुळं मधल्या गाळ्यात उणे ६.४, स्वतःच्या वजनाचे ४.८, एकूण उणे १.६. म्हणजे मधल्या गाळ्यात अगदी मधोमधसुद्धा ताण वरच्या बाजूला. वरची सळई दोन्ही सपोर्टपाशी मध्येच तोडली असतीस तर बरोबर त्याच जागी उघडा पडला असतास. म्हणून सळई वर सलग जाऊ द्यायची असते.

क्लासमध्ये दोन मिनिटांत सोडवलेला बीम असाच एका भाराने चालवला असणार. कॉम्प्युटरने ८ च दाखवले असतील, कारण त्याला बारसं माहीत नाही. भार आलटून पालटून ठेवायचं तुला सांगावं लागतं. हे सगळं दर वेळी करायला लागू नये म्हणून आयएस ४५६ मध्ये सलग बीमसाठी एक छोटा तक्ता आहे. तीन किंवा जास्त गाळे, त्यांच्या लांबीत पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही, तर वापरता येतो. मधल्या गाळ्याला स्थिर भारासाठी बाय १६ आणि चल भारासाठी बाय १२ धरायला सांगितलंय. तुझ्या बीमला तो लावून बघ, ८ च्या किती वर जातंय ते. आणि मग विचार कर, कोड लिहिणाऱ्यांनी एवढं जास्त का धरलं असेल. ते मला नको सांगू, वहीत लिहून ठेव.

कोयनाकाठचा_अण्णा

ताईंचं पटतं, तरीपण एका बाजूने बोलणं झालं म्हणून लिहितो. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता साताऱ्यात घरी बसून आहे.

हाताच्या गणिताला इतकंही देवघरात बसवू नका. कोयनेचं धरण घ्या. १०३ मीटर उंच, रबल काँक्रीटचं. ज्या काळात बांधलं त्या काळच्या रीतीने भूकंपासाठी धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट आडवा जोर धरला होता, वरपासून खालपर्यंत सारखा. हिशेब स्वच्छ, कागदावर कुठं ताण नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. मी तेव्हा पाटणला शाळेत होतो. कौलं आधी वाजली आणि आई ओरडायची ती नंतर, एवढं आठवतं. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात तडे गेले. कुठं? धरणाच्या पाणी नसलेल्या बाजूचा उतार वर जिथं एकदम बदलतो, त्या मानेवर.

ते तिथंच का गेले हे कळायला कॉम्प्युटर लागला. नंतर बर्कलेच्या संशोधकांनी धरणाचे लहान लहान तुकडे पाडून हललेल्या जमिनीबरोबर ते कसं डोलतं हे फायनाइट एलिमेंटने काढलं, आणि सगळ्यात जास्त ताण नेमका त्याच मानेवर निघाला. वरचा भाग जास्त झुलतो, तिथं जोर सारखा नसतोच. सारखा ०.०५ धरणाऱ्या हिशेबाला हे दिसणंच शक्य नव्हतं, तो कितीही काळजीने केला तरी. पुढं बिनसांडव्याच्या भागाला मागून टेकू बांधून ते बळकट केलं. त्या बाजूला गेलात तर ते जाड टेकू बघून या.

तेव्हा पोरा, हात पक्का कर हे खरंच. पण तू शिकतोयस त्या हाताच्या रीतींच्या पोटातही गृहीतकं आहेत, आणि तीसुद्धा ताईंच्या त्या शोभेच्या खांबासारखी गुपचूप बसलेली असतात. परीक्षेत पुस्तकी गणित सोडवून झालं की एकदा वर जाऊन "ॲझ्युम" लिहिलेल्या ओळी वाच. आम्हाला कोणी वाचायला लावल्या नाहीत.

रेषेवरची_बाई

अण्णा, कबूल. कोयनेचं उदाहरण मी पुढच्या वेळी वापरणार, विचारणार नाही.

लेव्हल_लावा_आधी

कराडहून. साइट इंजिनिअर, रस्ते आणि छोटे पूल. सगळे स्ट्रक्चरवरच तुटून पडलेत म्हणून सर्व्हेचं एक वाक्य घुसवतो, कारण दुसऱ्या वर्षाला तोच विषय पोरं सगळ्यात जास्त वाया घालवतात. चार जणांच्या बॅचमध्ये एक जण ऑटो लेव्हलमधून बघतो, एक स्टाफ धरतो, बाकीचे दोघं सावलीत. जर्नल मात्र चौघांचं सारखं.

सांगलीत राहतोस, म्हणून तुझ्याच गावचं विचारतो. पावसाळ्यात रोज बातमी असते, आयर्विन पुलाजवळ पाणी अमुक फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं. हे फूट कुठून मोजलेले? नदीच्या तळापासूनची खोली नाही ती, आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नाही. मोजपट्टीचं शून्य एका ठरलेल्या पातळीवर बसवलेलं असतं, तिथून. म्हणजे "पन्नास फूट आलं तर आपल्या खोलीत पाणी येईल का?" याचं उत्तर नुसत्या बातमीवरून देता येत नाही. त्या शून्याची आरएल (एकाच ठरलेल्या पातळीपासूनची उंची) पाहिजे आणि तुझ्या उंबरठ्याची आरएल पाहिजे. जवळचा बेंचमार्क (उंची माहीत असलेली खूण) शोधायचा, तिथून फ्लाय लेव्हलिंग करत उंबरठ्यापर्यंत यायचं, परत बेंचमार्कला जाऊन क्लोज करायचं. क्लोज नाही झालं तर पुन्हा. नदीकाठाने जमिनीला उतार आहे, पाण्यालाही असतो, त्यामुळं पुलापासून लांब गेलास की हेही ढोबळच, पण अंदाज पक्का येतो. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून तू निवांत असशील. गावभागातल्या एखाद्या मित्राच्या घरासाठी कर, त्याची आई तुला जेवायला घालेल.

आमच्याकडं नवीन पोरगा आला की मी त्याला इंटरव्ह्यूत काही विचारत नाही. लेव्हल हातात देतो आणि बबल मध्ये आणायला सांगतो. ज्याला बॅकसाइट-फोरसाइटचं पान बरोबर मांडता येतं, त्याला बाकीचं शिकवता येतं.

आणि क्यूब. कॉलेजात दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरता ना? एकदा मुद्दाम एक क्यूब नीट ठोकून, पाण्यात ठेवून, आणि दुसरा कडक उन्हात तसाच ठेवून अठ्ठावीस दिवसांनी दोन्ही फोडून बघा. लॅब असिस्टंटला चहा पाजलात तर तो नाही म्हणत नाही. दोन आकडे शेजारी लिहा. मग साइटवर क्युरिंगच्या पाण्यावरून मुकादमाशी भांडायला तुम्हाला जोर येईल.

विट्याचा_बिलिंगवाला

चांगलं चाललंय. फक्त पोराचा मूळ प्रश्न पैशाचा होता तो राहायला नको. सरकारी परीक्षेचा विचार असेल तर एक लक्षात घे: गेट असो, एमपीएससी असो, जिल्हा परिषदेची जेई असो, तिथं स्टॅड कोणी विचारत नाही. हीच बीमची, मातीची, पाण्याची गणितं विचारतात, तीही घड्याळ लावून. गेटचा पेपर तीन तासांत पासष्ट प्रश्नांचा असतो. तिथं ताईंची ती बेरजेची युक्ती सोन्याच्या भावाची आहे. मला आजपर्यंत कोणी सांगितली नव्हती, आणि मी डिग्रीवाला आहे.

माणदेशी_पोरगा

सगळ्यांचे आभार. वडिलांना फोन करून सांगितलं, क्लास आत्ता नको. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "मग जेवणाला पुरतंय का?" मेसचं वाढलंय हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

तक्त्याचं करून बघितलं ताई. मधल्या गाळ्याला १२ चे बाय १६ ने १२, आणि ८ चे बाय १२ ने १०.६७. एकूण २२.६७ येतात. माझे ८, तुमचे १४.४ आणि कोडचे २२.६७. का एवढे जास्त त्यावर वहीत दीड पान लिहिलंय, दाखवत नाही.

एक विचारायचं होतं. गॅलरीची सळई वर असते हे आता कळलं, पण प्रत्यक्षात स्लॅब भरताना माणसं तिच्यावरून चालतात. मग ती खाली दबत नाही का? आमच्या गावात स्लॅब भरताना लहानपणापासून बघतोय, सगळे जाळीवरूनच पाट्या घेऊन जातात.

रेषेवरची_बाई

दबते. हा प्रश्न तुला पडला हे फार बरं झालं, कारण गॅलऱ्या पडतात त्यातल्या कितीतरी याच कारणाने. ड्रॉइंगमध्ये सळई वर, स्लॅबमध्ये पायाखाली जाऊन मध्यावर, नाहीतर पार तळाला. सव्वाशे मिलिमीटरच्या गॅलरीत सळई वरून वीस मिलिमीटरवर पाहिजे ती साठवर गेली, तर तिच्या जोराचा हात चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. सळई तेवढीच, पोलादाचं बिल तेवढंच, ताकद साठ टक्क्यांच्या आसपास. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, प्लास्टर झाल्यावर तर कुणालाच नाही.

उपाय स्वस्त आहेत. वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या दोन्ही जाळ्यांच्या मध्ये, मीटरभर अंतराने. चालायला फळ्या, त्याही खुर्च्यांच्या आधाराने. आणि गॅलरी भरताना सळईवाल्याचा एक माणूस तिथंच उभा पाहिजे, दबलेली सळई हुकाने उचलायला. तो माणूस दुपारी जेवायला जातो, तीच वेळ धोक्याची.

येत्या रविवारी मिरज रस्त्याला आमच्या एका कामाचा स्लॅब आहे, त्याला गॅलरी आहे. पत्ता व्यनि करते. यायचं असेल तर रूममेटलाही घेऊन ये. बूट घालून या, चपला नकोत, सेंट्रिंगचे खिळे वर आलेले असतात. टेप घेऊन ये, खुर्च्यांची उंची आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) तू मोजायचं, मी नुसती बघणार. आणि आठच्या आत पोहोच, मिक्सर सुरू झाला की मला काही ऐकू येत नाही.